संध्याछाया आणि माझं ऑफर लेटर

जयवंत दळवी म्हटलं की आमच्या सावंतवाडीकडे लोक आधी 'सारे प्रवासी घडीचे' काढतात. साहजिक आहे. आरवली जवळच. वेतोबाला चपला आणि केळ्यांचे घड घेऊन घरटी कोणीतरी गेलेलं असतं. त्यामुळे दळवी म्हणजे गावच्या इरसाल माणसांचा लेखक, एवढंच डोक्यात. मीही त्यांना तसंच वाचलं होतं, सुट्टीत, हसत.

मग 'चक्र' हातात आली. १९६३ ची कादंबरी. झोपडपट्टीतली अम्मा, तिचा पोरगा बेन्वा आणि बेन्वाला हिरो वाटणारा लुका. (सिनेमासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते तुम्हाला माहीत असेलच.) 'प्रभात', 'लोकसत्ता' अशी वर्तमानपत्रं करून दळवी मुंबईतल्या अमेरिकन माहिती खात्यात, यूसिसमध्ये नोकरीला होते. त्या ऑफिसातला माणूस ही वस्ती लिहितो आणि कुठे कीव करत नाही, उपदेश देत नाही. पत्रकारीने त्यांना हेच दिलं असावं. तीच नजर 'ललित'मध्ये ठणठणपाळ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवत होती.

सगळंच आवडतं असं नाही. 'पुरुष'मध्ये अंबिका सूड घेते खरी, पण लेखणी रंगते ती गुलाबरावात. नाना पाटेकरांची भूमिका लोकांच्या लक्षात राहिली, ती काही फक्त अभिनयामुळे नव्हे.

माझं खरं भांडण मात्र 'संध्याछाया'शी आहे. १९७३ चं नाटक. नाना-नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. दारात आलेल्या अनोळखी माणसालाही थांबवून बोलत ठेवायची त्यांची धडपड वाचवत नाही. पण अमेरिकेतल्या मुलाची बाजू? ती आपल्याला फक्त पत्रांतून कळते. परक्या शहरात एकट्याने जेवणाऱ्याला दळवींनी रंगमंचावर जागाच दिली नाही. शेवटी म्हातारा-म्हातारी झोपेच्या गोळ्या घेतात आणि प्रेक्षक मुलावर निकाल देऊन मोकळा होतो. ज्याने बेन्वाला निकाल न लावता समजून घेतलं, त्याने इथे एवढी घाई का केली?

हे मी तटस्थपणे लिहीत नाहीये. परदेशातल्या नोकरीचं ऑफर लेटर पंधरा दिवस मेलमध्ये पडून आहे आणि मी एकुलता एक. आता व्हिडिओ कॉल आहे, नानांचा काळ वेगळा होता, असं स्वतःला समजावतो. पण कॉलवर बाबा तीन मिनिटांत "ठेवतंय हां" म्हणतात, आणि भाजीवाला आला की त्याच्याशी अर्धा तास बोलतात.

परवा पुस्तक टीपॉयवर राहिलं. बाबांनी वाचून काढलं. काही बोलले नाहीत. रात्री जेवताना फक्त विचारलं, "मगे, कधी जातलस?"