खंडित नेटवर्कवरील व्हिडिओची गुणवत्ता : प्रचलित मापदंडांची समीक्षा
(विशेष संदर्भ : सातारा व सांगली जिल्हे)

प्रस्तावना

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन वर्ग मोबाईलच्या पडद्यावर आले. पाटण-जावळीच्या खोऱ्यांत डोंगर मोबाईलच्या लहरी अडवतात. जत-आटपाडीच्या माळरानावर वस्त्या विखुरलेल्या असल्याने मनोरे दूर पडतात. कारणे भिन्न, परिणाम मात्र एकच : रेंज येते आणि जाते. अशा नेटवर्कवरून पोहोचलेला व्हिडिओ चांगला की वाईट, हे कशाच्या आधारे ठरवावे? ज्या मापाने व्याख्यान 'पोहोचले' असे आपण म्हणतो, त्याच मापाने काही विद्यार्थी नकळत वर्गाबाहेर राहतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. प्रस्तुत लेखात प्रचलित मापदंडांची या दृष्टीने समीक्षा केली आहे.

मापदंडांचे स्वरूप

पहिला प्रकार प्रेक्षकांना विचारण्याचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 'बीटी.५००' या शिफारशीची परंपरा १९७४ पासूनची आहे. निवडक प्रेक्षकांना नियंत्रित प्रकाशात साधारणतः दहा सेकंदांच्या चित्रफिती दाखवून त्यांचे गुण घेतले जातात. १ ते ५ या श्रेणीतील गुणांची सरासरी 'सरासरी मतांक' म्हणून ओळखली जाते. दुसरा प्रकार गणिती आहे. 'पीएसएनआर' मूळ व प्राप्त चित्रांतील फरक बिंदूगणिक मोजते. २००४ मध्ये मांडलेली 'एसएसआयएम' ही पद्धती चित्राच्या रचनेकडे पाहते, तर नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुली केलेली 'व्हीमॅफ' अनेक मापांची सांगड मानवी मतांशी घालते. चित्र संकुचित करण्याच्या दोन पद्धतींची तुलना करताना ही साधने निःसंशय उपयुक्त ठरतात.

मर्यादा

तथापि, पोहोचलेल्या चित्राची प्रत आणि पोहोचण्याची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी होत. ध्वनिमुद्रित व्याख्यान आज लहान लहान तुकड्यांत, कमी-अधिक प्रतीच्या अनेक आवृत्त्यांत साठवलेले असते. वेग पाहून मोबाईल त्यांतून निवड करतो आणि हरवलेली माहिती पुन्हा मागवली जाते. परिणामी चित्र फाटत नाही, थांबते. थेट वर्गात पुन्हा मागवण्यास फारसा अवधी नसतो, म्हणून तेथे आवाजच तुटतो. चौकटीमागून चौकट तपासणाऱ्या मापाला हा थांबा दिसत नाही. दूरसंचार संघाच्या 'पी.१२०३' या शिफारशीने प्रारंभीचा विलंब, थांबे व प्रतीतील चढउतार हिशेबात घेतले, हे तिचे मोठे योगदान होय. परंतु ती एक ते पाच मिनिटांच्या चित्रफितींसाठी रचलेली आहे. पाऊण तासाच्या तासिकेचा शीण तिच्या कक्षेत येत नाही.

दुसरी मर्यादा आशयाची. ४५ मिनिटांच्या व्याख्यानात बारा सेकंदांचे पाच थांबे आले असे मानू. एकूण व्यत्यय एक मिनिटाचा, म्हणजे सुमारे २.२ टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो. पण तेच मिनिट प्रमेयाच्या निर्णायक पायरीवर आले तर पुढील सारे निरर्थक ठरते. उलट, अध्यापकाचा चेहरा गोठला आणि आवाज अखंड राहिला, तर हानी अल्प असते. मिरजेतील ख्यालगायनाच्या मैफलीला हा न्याय लागू होत नाही, कारण तेथे सुराची प्रतच आशय असते. सर्व प्रकारांना एकच अंक लावणे म्हणूनच सदोष ठरते.

मार्च २०२० मध्येच भारतातील प्रमुख स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाईल नेटवर्कवरील चित्राची प्रत १४ एप्रिलपर्यंत ४८० ओळींपुरती मर्यादित ठेवण्याचे ठरवले. नेटवर्कवरील ताण हलका करण्यासाठी प्रत उतरवणे तेव्हा सर्वमान्य झाले. चित्रपटाला ही तडजोड चालते. फळ्यावरील बारीक अक्षराला ती चालेलच असे नाही. मात्र अक्षर मोठे काढले तर त्याहून कमी प्रतही पुरते. याचा अर्थ गुणवत्ता काही अंशी अध्यापकाच्याही हाती असते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. सरासरी मतांक पाहणाऱ्यांचा असतो. ज्याचा व्हिडिओ सुरूच झाला नाही किंवा जो कंटाळून निघून गेला, तो सरासरीत येत नाही. जितके अधिक दुर्बल विद्यार्थी गळतात, तितकी उरलेल्यांची सरासरी सुधारते! खर्चाचेही तसेच. सेकंदाला दीड मेगाबिट दराने एका तासाला सुमारे ६७५ एमबी खर्च होतात. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये असे दोन तास कसेबसे बसतात. ३२ किलोबिटच्या केवळ आवाजाला तासाला १५ एमबीही लागत नाहीत. मतांकात हा फरक कोठेही नोंदला जात नाही.

समारोप

एकच अंक तुलनेला सोयीचा असतो हे मान्य करूनही, शैक्षणिक व्हिडिओसाठी चार स्वतंत्र नोंदी आवश्यक वाटतात : आवाज किती काळ अखंड राहिला, फळ्यावरील अक्षर वाचता आले का, डेटा किती लागला आणि किती विद्यार्थी अखेरपर्यंत पोहोचू शकले नाहीत. यांतील शेवटची नोंद सरासरीत मिसळू नये, ती प्रथम मांडावी. १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती शिक्षणापासून दूर राहिलेल्यांसाठी. त्या परंपरेच्या परिसरात तंत्रज्ञानाचे मोजमापही वर्गाबाहेर राहिलेल्यापासून सुरू व्हावे, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.