कर्नल जॅक

इंग्रज कादंबरीकार डॅन्येल डीफो (सु. १६६०–१७३१) ह्याची एक कादंबरी. ती डिसेंबर १७२२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी डीफोच्या ‘मॉल फ्लँडर्स’ आणि ‘ए जर्नल ऑफ द प्लेग यिअर’ ह्या अधिक गाजलेल्या कृती प्रकाशित झाल्या होत्या. त्यांच्या छायेत ही कादंबरी काहीशी झाकोळून गेली. एका अनाथ चोराने म्हातारपणी सांगितलेली स्वतःची कहाणी, असे तिचे स्वरूप आहे. चोराला माणसात आणणारी दया ही तिची मध्यवर्ती कल्पना होय. मात्र ही दया डीफोने भाबडेपणाने रंगविलेली नाही. ती कशी लाभते, कशाने टिकते आणि तिच्या मोबदल्यात काय द्यावे लागते, ह्याचा हिशेब तो बारकाईने मांडतो.

नायक एका उच्चकुलीन जोडप्याचे अनौरस मूल आहे. पैसे देऊन त्याला एका दाईच्या स्वाधीन केलेले असते. दाईचा स्वतःचा मुलगा आणि तिने सांभाळलेले आणखी एक मूल ह्यांचेही नाव जॅकच असल्याने तिघे कर्नल, कॅप्टन आणि मेजर अशा नावांनी ओळखले जातात. जॅक सुमारे दहा वर्षांचा असताना दाई मरण पावते आणि तिघे रस्त्यावर येतात. हिवाळ्यात काचकारखान्याच्या भट्टीजवळील उबदार राखेत ती झोपतात. जॅकचे चोरीकडे वळणे ह्या परिस्थितीतून इतक्या सहजतेने घडते, की चोरी हा गुन्हा आहे, हे त्याला बराच काळ उमगतच नाही. तो तिला एक धंदा समजतो. बापाने दाईजवळ ठेवलेला ‘तू सद्‌गृहस्थाचा मुलगा आहेस’ हा निरोप तेवढा त्याच्या मनात घर करून असतो. चार्ल्स लॅम ह्याने कादंबरीच्या ह्या आरंभीच्या भागाची मनःपूर्वक प्रशंसा केली होती. ती सार्थ आहे.

ह्या भागातील सर्वांत हृद्य प्रसंग चोरीच्या पैशाचाच आहे. वाट्याला आलेली नाणी ठेवावीत कुठे, हा प्रश्न जॅकला पडतो. कारण त्याला घर नाही, पेटी नाही, धड खिसाही नाही. तो ती चिंधीत गुंडाळून एका झाडाच्या ढोलीत ठेवतो, आणि ती हाताला न लागण्याइतकी खोल गेली असे वाटून धाय मोकलून रडतो. झाड बुंध्याशी दुसऱ्या बाजूने पोकळ असल्याचे दिसल्यावर त्याला ती परत मिळतात. पोरवयातील अज्ञान, मालकीचा नवा आनंद आणि हरवण्याची भीती ह्यांचे असे चित्रण त्या काळच्या गद्यात विरळा आढळते. पुढील परिवर्तनाचे बीजही येथेच आहे. ज्याच्याजवळ जपण्यासारखे काही आहे, त्यालाच भविष्याचा विचार सुचतो.

जॅकवर पहिली दया करणारा माणूस जकात कचेरीशी संबंधित असलेला एक गृहस्थ होय. त्याची चोरीस गेलेली कागदपत्रे जॅक बक्षिसाच्या आशेने परत आणून देतो. तो गृहस्थ मुलाला पोलिसी खाक्या दाखवीत नाही. त्याच्याशी ममतेने बोलतो, बक्षिसाची रक्कम त्याच्याच नावे स्वतःजवळ ठेवतो, तिची लेखी चिठ्ठी देतो आणि व्याजही धरतो. प्रामाणिकपणाचा उपदेश तो करतो खरा, पण मुलावर अधिक परिणाम होतो तो त्या चिठ्ठीचा. कोणीतरी आपल्याला देणे लागतो, म्हणजे आपल्या शब्दालाही किंमत आहे, हे त्याला प्रथमच कळते. केंटिश टाउनच्या रस्त्यावर लुटलेल्या एका गरीब बाईचे पैसे काही काळानंतर जॅक तिला नेऊन देतो, त्यामागे ही जाणीव आहे. वाल्या कोळी किंवा अंगुलिमाल ह्यांच्या कथांत परिवर्तन एका प्रश्नाने घडून येते. येथे ते टप्प्याटप्प्याने, मागे-पुढे होत घडते. चोरीचे धडे देणारा विल फासावर जातो, तेव्हा जॅक लंडन सोडतो. स्कॉटलंडमध्ये तो लिहावाचायला शिकतो, सैन्यात भरती होतो, तेथून पळतो आणि शेवटी फसवणुकीने जहाजावर चढविला जाऊन व्हर्जिनियात वेठीचा नोकर म्हणून विकला जातो.

मळ्याचा मालक एकदा न्यूगेटच्या तुरुंगातून हद्दपार होऊन आलेल्या एका तरुण खिसेकापूला बोल लावीत असतो. ते ऐकून शेजारी उभ्या असलेल्या जॅकच्या डोळ्यांत पाणी येते. मालकाच्या हे ध्यानात येते. तो त्याची विचारपूस करतो आणि पुढे त्याला मुकादम नेमतो. लंडनच्या गृहस्थाची चिठ्ठी जॅकने जपून ठेवलेली असते. तिच्या आधारे मालक त्याच्यासाठी इंग्लंडहून माल मागवतो. एक सुशिक्षित हद्दपार गुन्हेगार त्याचा शिक्षक बनतो. चोरी करण्याची गरजच न उरलेली ही गुलामगिरी आपल्याला पूर्वीच्या स्वातंत्र्यापेक्षा बरी वाटते, असे हा शिक्षक सांगतो. गरज नाहीशी झाल्यावर सद्‌गुण सोपा होतो, हा डीफोच्या अनेक कृतींतून डोकावणारा विचार येथे थेट बोलून दाखविला आहे.

कादंबरीचा खरा पेच मुकादमीच्या प्रकरणात आहे. हातात चाबूक आला, तरी जॅकला आफ्रिकी गुलामांवर तो उगारवत नाही. चाबकाऐवजी तो एक युक्ती योजतो. मूशाट नावाच्या गुलामाला तो आधी कडक शिक्षेचे भय घालतो आणि नंतर मोठ्या मालकाजवळ रदबदली करून माफी मिळविल्याचे सोंग करतो. कृतज्ञ झालेला मूशाट मनापासून राबू लागतो. जॅकला फाशी होणार अशी हूल उठविली जाते, तेव्हा त्याच्याऐवजी स्वतः मरायलाही तो तयार होतो. आफ्रिकी माणसात कृतज्ञता असत नाही, हा मळेवाल्यांचा समज खोडून काढणारा हा प्रसंग त्या काळाच्या मानाने उदार म्हटला पाहिजे. पण त्याची दुसरी बाजू दृष्टिआड करता येत नाही. जॅकला दयेमुळे स्वतःची मालमत्ता आणि स्वतःचे नाव मिळाले. मूशाटच्या वाट्याला दयेमुळे केवळ अधिक निष्ठेची गुलामी आली. दया एकाच जातीची, परंतु एकाला ती मळ्याबाहेर नेते आणि दुसऱ्याला मळ्यातच पक्की बांधते. ह्या विसंगतीची बोच डीफोला जाणवल्याचे दिसत नाही. मळ्याचे उत्पन्न वाढले, हेच तो ह्या पद्धतीच्या बाजूने प्रमाण म्हणून पुढे करतो.

हीच रचना उत्तरार्धात जॅकवर उलटते. १७१५ च्या जॅकोबाइट बंडाशी त्याचा संबंध आलेला असतो. प्रेस्टन येथे पकडलेले बंडखोर शिक्षा म्हणून व्हर्जिनियात येतात, तेव्हा ओळखले जाण्याच्या भीतीने तो मळा सोडून दूर निघून जातो. राजा पहिला जॉर्ज ह्याच्या सार्वत्रिक माफीने त्याची सुटका होते आणि तो आजन्म राजनिष्ठ बनतो. मूशाट जसा आपल्याशी बांधला गेला तसेच आपण राजाशी बांधलो गेलो, अशी त्याची भावना आहे. येथे लेखकाच्या चरित्राची आठवण होणे साहजिक आहे. १७०३ मध्ये एका उपरोधिक पुस्तिकेबद्दल डीफोला खोड्यात उभे राहावे लागले आणि न्यूगेटमध्ये तुरुंगवास भोगावा लागला. रॉबर्ट हार्ली ह्याच्या मध्यस्थीने तो त्याच वर्षी सुटला आणि पुढे अनेक वर्षे त्याने हार्लीचा गुप्त हस्तक म्हणून काम केले. माफी मिळालेल्या माणसाचे ऋण किती लांबते, हे त्याला ऐकून ठाऊक नव्हते.

कलाकृती म्हणून कादंबरी विस्कळीत आहे. मुखपृष्ठावरील लांबलचक शीर्षकात नायकाने सव्वीस वर्षे चोरी केल्याचे म्हटले आहे. कथेतील वयाचा हिशेब त्याच्याशी जुळत नाही. यूरोपातील लढाया, चार स्त्रियांशी झालेले पाच विवाह आणि अखेरचा स्पॅनिश वसाहतींतील चोरटा व्यापार हे भाग घाईने उरकल्यासारखे वाटतात. त्यांतील एकच धागा मूळ विषयाला येऊन मिळतो. व्यभिचारी व उधळी ठरलेली पहिली पत्नी हद्दपार गुन्हेगार म्हणून त्याच्याच मळ्यावर येते, आणि तो तिला क्षमा करून पुन्हा पत्नी म्हणून स्वीकारतो. ज्याच्यावर दया झाली त्याने ती बरोबरीच्या नात्याने दुसऱ्याला द्यावी, असे कादंबरीत येथेच काय ते घडते.

प्रस्तावनेत डीफोने निराधार मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला आहे. धर्मादाय शाळांची चळवळ तेव्हा इंग्लंडमध्ये पसरत होती; लंडनच्या अनाथालयाला मात्र सनद मिळाली ती १७३९ मध्ये. चार्ल्स डिकिन्झची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१८३७–३९) ही ह्याच विषयावरील पुढील शतकातील सर्वश्रुत कादंबरी. तिच्यातील ऑलिव्हर चोरांच्या टोळीत राहूनही मनाने चोर होत नाही आणि ब्राउनलोचे वात्सल्य त्याच्या वाट्याला येते. जॅकशी खरे साम्य आहे ते ऑलिव्हरचे नव्हे, तर धंद्यात मुरलेल्या ‘आर्टफुल डॉजर’ ह्या पोराचे. चांदीच्या तपकिरीच्या डबीवरून त्याला हद्दपारीची शिक्षा होते. जहाजावर चढल्यानंतर त्याचे पुढे काय झाले, हे डिकिन्झने सांगितलेले नाही.