नियोजनाची आज्ञावली : शाळेला कोणती परवडेल?

प्रकल्प म्हटला की आराखडा आलाच. विज्ञान प्रदर्शन असो, बाल विज्ञान परिषदेसाठीचे सर्वेक्षण असो की प्रयोगशाळेची फेरमांडणी असो, काय आधी, काय नंतर आणि कोणते काम किती दिवसांत, हे ठरवावे लागते. शाळेत संगणक असला की साहजिकच प्रश्न येतो : हे नियोजन संगणकावर करता येईल का, आणि त्यासाठी खर्च किती? या लेखात आम्ही तीन आज्ञावलींची तपासणी करणार आहोत. मात्र तपासणीआधी आमची स्वतःची एक चूक सांगणे आवश्यक आहे, कारण आमचे आजचे मत त्या चुकीतूनच बनले आहे.

एका ग्रामीण शाळेच्या विहीर-सर्वेक्षणाला आम्ही मदत करीत होतो. गावातील 20 विहिरींची पाण्याची पातळी मोजून ती पावसाच्या नोंदींशी ताडून पाहायची होती. कामे अशी होती : (क) विहिरींची निवड व मालकांची परवानगी, 4 दिवस, (ख) खुणांची दोरी व इतर साधने तयार करणे, 3 दिवस, (ग) मुलांचा सराव, 2 दिवस, (घ) रोज दोन विहिरी याप्रमाणे मोजमाप, 10 दिवस, (च) पावसाच्या नोंदी मिळवणे, 6 दिवस, (छ) आलेख व विश्लेषण, 5 दिवस, (ज) अहवाल, 4 दिवस. साधनांशिवाय सराव नाही, परवानगी व सराव झाल्याशिवाय मोजमाप नाही, मोजमाप व पावसाच्या नोंदी हाती आल्याशिवाय विश्लेषण नाही.

ही माहिती संगणकाला दिली की तो काय करतो? प्रथम सुरुवातीकडून शेवटाकडे बेरीज करीत जातो. क-घ-छ-ज या वाटेने 23 दिवस लागतात, ख-ग-घ-छ-ज या वाटेने 24 आणि च-छ-ज या वाटेने 15. सर्वांत लांब वाट 24 दिवसांची, म्हणून प्रकल्प 24 दिवसांचा. मग तो शेवटाकडून मागे येत प्रत्येक कामाला किती सवड आहे ते काढतो. परवानगीला एका दिवसाची सवड आहे, पावसाच्या नोंदींना 9 दिवसांची. दोरी तयार करण्याला मात्र अजिबात नाही. आमची समजूत होती की परवानगीच सर्वांत अडेल. गणित म्हणाले, आधी दोरीकडे पाहा. बिनसवडीच्या कामांच्या या साखळीला निर्णायक मार्ग म्हणतात. ही पद्धत ड्यू पाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांमधील मॉर्गन वॉकर व जेम्स केली यांनी 1957 च्या सुमारास विकसित केली. दिवसांचे आडवे पट्टे दाखवणारा गँट आलेख तर त्याहूनही जुना, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट यांनी रूढ केलेला.

प्रदर्शनाला कामाचे 26 दिवस होते. 24 दिवसांचा सुबक आलेख छापून आम्ही शिक्षकांच्या खोलीत लावला आणि निश्चिंत झालो. प्रत्यक्षात परवानगी मागायला जाणाऱ्या, साधने करून घेणाऱ्या आणि सराव घेणाऱ्या बाई एकच होत्या! 4, 3 आणि 2 मिळून त्यांचेच 9 दिवस झाले. मोजमाप सहाव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी सुरू झाले आणि एकूण कालावधी 28 दिवसांवर गेला. प्रदर्शनाच्या दिवशी अहवाल अर्धाच होता. दहा दिवस उन्हात विहिरींच्या काठावर उभे राहिलेल्या मुलींच्या निष्कर्षाची पाने कोरी राहिली. बाईंनी स्वतःलाच दोष दिला. दोष आमचा होता. कोणते काम कोण करणार, हे आम्ही संगणकाला सांगितलेच नव्हते.

आता आज्ञावलींकडे वळू.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ही त्यांतील सर्वांत परिचित. तिची डॉसवर चालणारी पहिली आवृत्ती 1984 मधली. एका माणसावर एकाच वेळी पडलेली दोन कामे आपोआप पुढेमागे सरकवण्याची सोय तिच्यात आहे, आणि आमच्या चुकीवर तोच उपाय होता. परंतु ती ऑफिस संचाबरोबर मिळत नाही, वेगळी विकत घ्यावी लागते. वर्षातून दोन-तीन प्रकल्प करणाऱ्या शाळेने हा खर्च करावा असे आम्हांला वाटत नाही. कुणाकडून तरी आणलेली फुकट प्रत वापरणे हा मार्ग तर शिक्षकाने मुलांसमोर स्वीकारू नये.

गँटप्रोजेक्ट ही 2003 पासून उपलब्ध असलेली मुक्तस्रोत आज्ञावली. ती विनामूल्य आहे, विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. कामे, त्यांचे परस्परावलंबन, सुट्ट्या आणि माणसे भरता येतात. निर्णायक मार्ग वेगळा दाखवता येतो. आलेख चित्र किंवा पीडीएफ स्वरूपात काढून छापता येतो. माणसांच्या पानावर ज्याच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार पडला त्याचा पट्टा लाल होतो. ती काम सरकवून देत नाही, फक्त दाखवते. आमच्या मते शाळेला एवढे पुरे. सरकवायचे काय, हे शिक्षकांनीच ठरवावे. तिच्यातील पर्ट आलेखाबद्दल मात्र तक्रार आहे. पर्ट ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी 1958 मध्ये पुढे आली, आणि तीन अंदाज हा तिचा गाभा. येथे नाव तेवढे आहे, तीन अंदाज भरण्याची सोय नाही.

प्रोजेक्टलिब्रे ही 2012 मधली, ओपनप्रोज या आधीच्या मुक्तस्रोत आज्ञावलीतून निघालेली. तिचे बलस्थान म्हणजे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फायली ती उघडते. एखाद्या संस्थेने तसा आराखडा पाठवला तर उपयोग होईल. पण तिचा पडदा तक्ते व रकान्यांनी भरलेला असून नवख्या शिक्षकाला पहिला तास गोंधळात टाकतो.

तीन अंदाजांचे गणित वहीतही होते. परवानगी सगळे सुरळीत झाले तर 2 दिवसांत, बहुधा 4, आणि मालक परगावी असले तर 12 दिवसांत मिळेल असे धरा. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन बेरीज करायची व 6 ने भागायचे : 2, 16 आणि 12 मिळून 30, भागिले 6 म्हणजे 5 दिवस. म्हणजे परवानगीची एक दिवसाची सवड गेली आणि दोन्ही वाटा 24 दिवसांच्या झाल्या. आलेखातला नेमका आकडा किती नाजूक असतो हे मुलांना यावरून चांगले समजते.

आमचा निष्कर्ष असा. शाळेने गँटप्रोजेक्ट घ्यावी, पण ती उघडण्यापूर्वी मुलांना घेऊन कामांच्या चिठ्ठ्या फळ्यावर लावाव्यात आणि बाण खडूने काढावेत. प्रत्येक चिठ्ठीवर दिवसांशेजारी करणाऱ्याचे नाव लिहावे. एकच नाव एकाच वेळी दोन ठिकाणी दिसले तर ती चिठ्ठी पुढे सरकवावी, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे द्यावी. दहाबारा कामांपर्यंत फळाच पुरतो. तारखा वारंवार बदलू लागल्या की संगणक खरा उपयोगी पडतो, कारण तो फेरबेरीज न कंटाळता करतो.

त्याच शाळेत पुढच्या वर्षी दोरी तयार करण्याचे व सरावाचे काम आधीच्या वर्षीच्या मुलींनी घेतले. बाई फक्त परवानगीसाठी फिरल्या. अहवाल प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पूर्ण बांधून तयार होता.