रामशास्त्री प्रभुणे यांच्या चरित्रांतील दोन विधानें

पेशवाईचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या प्रचलित चरित्रांत दोन विधानें निःशंकपणें केलेलीं आढळतात. शास्त्र्यांनीं राघोबादादांस देहदंडाची शिक्षा फर्माविली, हें एक. आणि त्यानंतर त्यांनीं चाकरीचा कायमचा त्याग केला, हें दुसरें. दोन्ही विधानें आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत.

नारायणराव पेशव्यांचा खून ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला. त्यानंतरच्या या प्रसंगाची प्रसिद्ध हकीकत ग्रँट डफच्या इतिहासांतील असून तो ग्रंथ १८२६ सालीं, म्हणजे त्रेपन्न वर्षांनीं छापला गेला. तीच प्रमाण मानिली तरी तींत शिक्षेचा हुकूम नाहीं. दादांनीं प्रायश्चित्त विचारलें व शास्त्र्यांनीं देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, इतकेंच तींत आहे. शिक्षा ही राजसत्तेची आज्ञा. प्रायश्चित्त हा धर्मशास्त्राचा निर्णय. हा भेद पुसून टाकणें चरित्रकारास शोभत नाहीं.

दुसऱ्या विधानाचें निरसन याच हकीकतींत आहे. दादांच्या हातीं कारभार असे तोंवर चाकरी करणार नाहीं, अशी शास्त्र्यांची प्रतिज्ञा होती. तिला मर्यादा होती. ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. पुढें बारभाईंच्या कारभारांत पुन्हा न्यायासनावर आले व १७८९ सालीं निवर्तले.

या दुरुस्तीनें शास्त्र्यांस उणेपणा येत नाहीं. रुसून गेलेल्या विरक्तापेक्षां, सत्ता बदलतांच पुन्हा न्यायदानास बसलेला न्यायाधीश आम्हांस अधिक वंदनीय वाटतो.