फाटकावरचा माणूस आणि दोन कायदे

आमच्या बोरी अरबच्या परिसरात कापसाचा हंगाम सुरू झाला, की जिनिंगच्या फाटकावर खुर्ची येते आणि खुर्चीवर माणूस येतो. निळा सदरा, खांद्यावर पट्टी, हातात काठी. दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका माणसाने रात्री सरकीचे पोते उचलणाऱ्या पोराला धरले, चार काठ्या हाणल्या आणि सकाळपर्यंत खांबाला बांधून ठेवले. सकाळी पोलीस आले. पोरावर चोरीचा गुन्हा दाखल झाला, तसाच रखवालदारावर डांबून ठेवल्याचा आणि मारहाणीचाही झाला. मालक म्हणाले, ''मारायला कोणी सांगितलं होतं?'' त्याला कामावर लावणाऱ्याने तर ओळखच दिली नाही. मी भेटलो तेव्हा तो म्हणाला, ''पोरगं पयालं असतं त मले इचारलं असतं, काऊन पयू देलं. धरलं त इचारते, काऊन धरलं.''

या वाक्याचे उत्तर शोधण्यासाठी मी कायदे वाचू लागलो. मी वकील नाही. कथा-कादंबरी वाचावी तसेच कायदे वाचतो : यात कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो आणि कोणाचे नाव घ्यायचे टाळतो?

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या माणसाविषयीचे दोन मुख्य कायदे आहेत. पहिला १९८१चा, महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. त्याच्या नावातच त्याचे मन दिसते. रक्षक हा येथे कामगार आहे. मंडळ, नोंदणी, वेतन, रजा, कल्याण ही या कायद्याची भाषा. ठेकेदाराच्या मेहेरबानीवर जगणाऱ्या माणसाला त्याने नोंदवहीत जागा दिली, हे ऋण मान्य करायला हवे.

दुसरा केंद्राचा, २००५चा खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम. याचा नायक एजन्सी आहे. परवाना कोणाला, कोणत्या अटींवर, तो रद्द केव्हा करायचा, हे सारे तपशिलाने येते. रक्षक येतो तो मुख्यतः पात्रतेच्या कलमात : भारतीय नागरिक, वय १८ पूर्ण आणि ६५च्या आत, चारित्र्याची खातरजमा, प्रशिक्षण, शारीरिक मानके. 'खाजगी सुरक्षा' या शब्दांची व्याख्याही मासलेवाईक आहे : लोकसेवक नसलेल्या व्यक्तीने दिलेली सुरक्षा. म्हणजे तो काय नाही, हे कायदा आधी सांगतो. सैन्याचा वा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा भासणारा पोशाख रक्षकाने घातला, तर एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता या दोन संहितांतले मौन पाहा. त्याने कोणाला अडवावे, कोणाची झडती घ्यावी, किती बळ वापरावे, यासाठी दोन्हींपैकी एकही कायदा त्याला वेगळा अधिकार देत नाही. अधिकार आहेत ते तुम्हाआम्हाला आहेत तेवढेच.

तेवढे म्हणजे किती? १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सांगते, की आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला, किंवा उद्घोषित गुन्हेगाराला, कोणीही नागरिक धरू शकतो. मात्र विनाकारण विलंब न करता, सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. जुन्या संहितेत विलंबाची मनाई होती, तासांचा आकडा नव्हता. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक जखडता येत नाही. धरलेल्याजवळचे शस्त्र काढून घेता येते. अंगझडती मात्र पोलिसांनी घ्यायची. मॉलच्या दारात आपली पिशवी उघडली जाते ती आपल्या संमतीने, गणवेशाच्या हुकमाने नव्हे.

त्यातही एक गुंता आहे. नव्या संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीसाठी, पहिला अपराध असेल आणि माल परत केला तर, समाजसेवेची शिक्षा आहे. आणि तो प्रकार अदखलपात्र व जामीनपात्र ठेवला आहे. मग सरकीच्या एका पोत्यासाठी रखवालदाराने कलम ४० कसे वापरायचे? किंमत, पहिला अपराध की दुसरा, हे त्याने अंधारात, काठी हातात असताना ठरवायचे काय?

उरतो खाजगी बचावाचा हक्क. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४मध्ये आहे आणि तो दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीही वापरता येतो. पोरगा पोते घेऊन निघाला तेव्हा ते हिसकावून घेणे या हक्कात बसते. पण बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. पोते खाली पडल्यानंतरची पहिली काठी बचाव नव्हती, शिक्षा होती. आमच्या रखवालदाराची चूक तिथे झाली, आणि ती चूकच होती. मार खाणारा पोरगाही आपल्याच गावचा, हे विसरून चालणार नाही.

ही सीमा त्याला कोणी शिकवली होती? २००६च्या केंद्रीय आदर्श नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असे प्रशिक्षण सांगितले होते. यादीत आग विझवणे होते, गर्दी आवरणे होते, इंग्रजी अक्षरे वाचणे होते, पोलीस आणि सैन्यातल्या हुद्द्यांची चिन्हे ओळखणे होते. दंड संहिता आणि खाजगी बचाव यांचे मात्र 'प्राथमिक ज्ञान'. धरण्याचा अधिकार आणि त्याची मर्यादा हा स्वतंत्र विषय नव्हता. ज्या क्षणी माणूस तुरुंगात जाऊ शकतो, तो क्षण त्या अभ्यासक्रमात एका ओळीत आटोपला होता.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) जागल्या भेटतो. जुन्या गावरहाटीत चोरीचा माग काढणे त्याचे काम. माग लागला नाही तर भरपाईचा बोजाही त्याच्यावर येई. ती व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण त्याची जबाबदारी आणि त्याचा अधिकार दोन्ही गावाला ठाऊक होते. आजच्या रखवालदाराकडे जागल्याची जबाबदारी तेवढी आली. अधिकाराच्या जागी गणवेश आला.

मग त्याला अधिकार वाढवून द्यावेत काय? माझे उत्तर नाही असे आहे. पगार देणारा मालक ज्याला हुकूम सोडतो, त्याच्या हाती राज्याचे बळ देणे म्हणजे ते बळ मालकाला विकणे. उलट मर्यादा स्पष्ट करावी. ओळखपत्र द्यावेच लागते. त्याच्या मागच्या बाजूस मराठीत चार ओळी छापाव्यात : धरता केव्हा येते, किती वेळात सोपवायचे, झडती कोणाची, काठी कुठे थांबते. आणि मालकाची सूचना लेखी असावी, म्हणजे सकाळी पोलीस आल्यावर 'कोणी सांगितलं होतं' या प्रश्नाला कागद उत्तर देईल.

त्या माणसाला मी यातले बरेचसे पुढे कधी तरी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ''हे आंधी कोनी काऊन नाही सांगतलं?'' दोन्ही कायदे वाचूनही या प्रश्नाचे उत्तर मला सापडलेले नाही.