रोस्किल्डची वीट

कोपनहेगनहून पश्चिमेला आगगाडीने जेमतेम अर्धा तास, की रोस्किल्ड येतं. कॅथीड्रलचे दोन निमुळते कळस दुरूनच दिसतात आणि बहुतेक फोटो त्यांचेच निघतात. पण ते चढले सतराव्या शतकात, चौथ्या क्रिस्तियान राजाच्या काळात. रसिकाने नजर खाली आणावी, भिंतीच्या विटांवर.

११७०च्या दशकात, बिशप अबसालोनच्या काळात हे काम सुरू झालं तेव्हा डेन्मार्कला भाजकी वीट नवी होती. गॉथिक शैली घडली फ्रान्सात, ती दगडात. दगडातून छिन्नी संत काढते, वेली काढते. विटेत ते जमत नाही, म्हणून इथल्या गवंड्यांनी नक्षीचा नाद सोडला आणि रेषा धरली. आत उभं राहून मान वर करा: चुन्याच्या पांढऱ्यावर लाल विटेच्या कडा खांबाच्या अंगाने सरसर चढतात, माथ्यावर फाकतात आणि कमानींच्या फासळ्या होऊन पलीकडे उतरतात. नजर कुठे अडखळत नाही. मातीच्या एवढ्याशा ठोकळ्यांनी ही उंची इतकी हलकी करावी, याला हातातली कलाच म्हणायचं.

पूर्वेला, वेदीच्या मागे राणी मार्ग्रेटे पहिलीची समाधी आहे. १३९७ साली डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका छत्राखाली आणणारी ही बाई १४१२ साली गेली. समाधीवर तिची अलाबास्टरची मूर्ती पहुडलेली आहे. त्या दगडात उजेड थोडा आत मुरतो आणि मगच परततो, त्यामुळे गालाला त्वचेची मऊ झाक येते. तीन राज्यं सांभाळणारीच्या चेहऱ्यावर शिल्पकाराने दरारा ठेवला नाही, निवांतपणा ठेवला. मला तिथून लवकर निघवत नाही.

पुढच्या राजांनी आपापली दफनघरं बाहेरून जोडत नेली, प्रत्येकाने आपल्या काळाच्या शैलीत. चाळीसच्या आसपास राजे-राण्या इथे आहेत. १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं, त्यात या थरांचाही वाटा आहे. सगळी दफनघरं सारख्या तोलाची नाहीत. भव्य संगमरवरापुढून मी भराभर पुढे सरकतो आणि पहिल्या क्रिस्तियानच्या दालनात थांबतो. मधोमध एकच खांब, त्यावर राजेरजवाड्यांच्या उंचीच्या खुणा. १७१६ साली आलेल्या रशियाच्या पीटर द ग्रेटची खूण २०८ सेंटिमीटरच्या वर आहे. पहिल्या क्रिस्तियानची तर २१९. पण त्याची हाडं मोजली तेव्हा उंची भरली १८८च्या आसपास. आख्यायिकेने राजाला वीतभराहून जास्त वाढवलं आणि खांबाने ती वाढही जपली. छतापेक्षा ही रेघ बघताना मन जास्त रमतं.

तास भरायच्या पाच मिनिटं आधी मात्र पश्चिमेच्या टोकाला यावं. तिथे भिंतीवर उंच, सुमारे १५०० सालचं घड्याळ आहे. ठोका जवळ आला की घोड्यावरचा सेंट जॉर्ज खालच्या ड्रॅगनवर चालून जातो आणि ड्रॅगन किंकाळी फोडतो. हा आवाज भात्याच्या हवेचा. चिरका, थोडा केविलवाणा, दगडी फरशीवरून घुमत जाणारा. गर्दी इथे हसते आणि पांगते. तुम्ही पांगू नका. बाजूला दोन लहान बाहुल्या आहेत. पेर डोवर मोठ्या घंटेवर तासाचे टोले देतो आणि त्याच्या टोल्यांना किर्स्तेन किमर मान हलवते. लाकडी मान, अगदी थोडी हालचाल. पण त्या नकारात एक आख्खा संसार दिसतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने तिला एवढीच एक लकब दिली आणि ती पुरेशी ठरली. पंधरा मिनिटं थांबायची तयारी असेल तर थांबा. पाव तासाच्या छोट्या घंटेचा मान तिचा आहे.