'सुचेल ते कर' म्हणजे नक्की काय करू?

अभिनयाच्या क्लासमधला हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. दोघांना मध्ये उभं करायचं, "तुम्ही बसस्टॉपवर आहात, सुचेल ते करा" म्हणायचं आणि टाळी वाजवायची. यालाच इम्प्रोव्ह म्हणतात. त्या दोघांपैकी एक जण स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक असेल आणि गप्प उभा राहिला, तर लोक दोन निष्कर्ष काढतात. एक, याला कल्पनाशक्तीच नाही. दोन, मग इम्प्रोव्ह हेच याच्यावरचं औषध. दोन्ही तपासून बघू.

आधी औषधाचं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लाइथ कॉर्बेट यांच्या गटाने 'सेन्स थिएटर' हा उपक्रम तपासला; निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ८ ते १४ वयाची ३० ऑटिस्टिक मुलं होती. त्यातल्या १७ जणांना नाट्यप्रशिक्षण मिळालं, १३ जण प्रतीक्षा यादीत. चार-चार तासांची १० सत्रं झाली. प्रशिक्षण घेतलेल्या मुलांची चेहरे लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारलेली दिसली, समोरच्याच्या मनातलं ओळखण्याचीही. बातमी चांगलीच आहे. पण तुलना कोणाशी झाली? वाट बघणाऱ्या मुलांशी. मग फायदा इम्प्रोव्हचा, की समवयस्कांच्या ४० तासांच्या सोबतीचा? या रचनेतून ते वेगळं काढता येत नाही. कुठल्या सूचनेला मूल अडलं, हेही या आकड्यांतून कळत नाही.

आता कल्पनाशक्तीचं. बरेच ऑटिस्टिक लोक रोजचं बोलणं आधी मनात घोळवून ठेवतात. धायरी फाट्यावर रिक्षा ठरवायची, तर 'तो नाही म्हणाला तर काय बोलायचं' याच्याही दोन-तीन आवृत्त्या तयार असतात. ही कल्पनाशक्ती नाही तर काय?

अडचण सूचनेत आहे. 'सुचेल ते कर'मध्ये बरेच नियम दडलेले असतात: किती जवळ उभं राहायचं, नजर कधी भिडवायची, समोरच्याचं वाक्य कधी तोडायचं, थांबायचं कधी. बाकीच्यांना ते न सांगता कळतात आणि आपण त्यालाच उत्स्फूर्तता म्हणतो. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये 'डबल एम्पथी'ची मांडणी केली. तिचं सार असं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. क्लासमध्ये मात्र खापर एकावरच फुटतं.

आपल्या तमाशाकडे बघा. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेला. मावशी कोण, वाट कोण अडवणार, सगळ्यांना ठाऊक. सोंगाड्या रंगतो तो याच चौकटीत. 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके जागच्या जागी कोट्या करायचे, पण खाली वसंत सबनीसांची संहिता होती. त्यामुळे मजा कमी झाली असं कोणी म्हटलं नाही.

मग क्लासमध्येही नियम फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? प्रसंग पाच मिनिटं आधी सांगा. खेळ कधी संपणार ते सांगा. नजर न भिडवण्याची, 'पास' म्हणण्याची मुभा द्या. सगळे ऑटिस्टिक लोक सारखे नसतात, काहींना मोकळं इम्प्रोव्हच आवडतं. म्हणून आधी विचारा. संशोधकांनीही एकच खेळ नियम सांगून आणि न सांगता घेऊन बघावा.

तोवर निदान "तुला अभिनय जमणार नाही" हे वाक्य कोणाला ऐकवू नका. ते ऐकलेला विद्यार्थी सहसा परत येत नाही.